बाण आधी, इलेक्ट्रॉन नंतर

एक बॅटरी, एक रोधक (प्रवाह आवरणारा भाग), एक लाल एलईडी. कागदावरच्या आकृतीत प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे जातो. तारेतले इलेक्ट्रॉन मात्र ऋणाकडून धनाकडे सरकतात. वर्गात मुलं नेमकी इथे अडतात, आणि त्यांना सांगितलं जातं : उलटं असतं, पाठ करा.

उलटं का, ते टेबलावरच्या या काचेच्या नळीपासून सुरू होतं.

रेशमी कापडाने घासली, की कागदाचे कपटे उडून तिला चिकटतात. अशीच एक नळी पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्याने लंडनहून अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला धाडली. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या मित्रांना मग दुसरं काही सुचेना. एकाने मेणावर उभं राहून नळी घासायची. दुसऱ्याने, तोही मेणावर, बोट पुढे करून नळीतून ठिणगी घ्यायची. नंतर या दोघांची बोटं जवळ आली, की जास्तच जोरदार ठिणगी! फ्रँकलिन यांनी ताडलं : वीज नव्याने निपजली नाही, एकाकडची दुसऱ्याकडे गेली. एकाकडे तूट, दुसऱ्याकडे भर. १७४७ साली कॉलिन्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अधिक आणि उणे हे शब्द वापरले. घासलेली काच अधिक ठरली.

काचेवर भर पडते की तूट, हे तपासायला तेव्हा काहीच साधन नव्हतं. म्हणून याला चूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता ही निर्वात नळी, आत चमकणारा झोत. चुंबक जवळ नेऊ. पाहा, झोत वाकला.

१८९७, केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा. जे. जे. थॉमसन यांनी असाच झोत वाकवून दाखवून दिलं, की हे ऋण प्रभाराचे, अणूहून कितीतरी हलके कण आहेत, म्हणजेच आपले इलेक्ट्रॉन. काच घासताना हेच कण रेशमावर निघून जातात. काचेवर तूट असते!

तोवर दीडशे वर्षांची सूत्रं अधिकाकडून उण्याकडे जाणाऱ्या बाणाभोवती रचली गेली होती. ती मोडावी लागली नाहीत : ऋण डावीकडे गेला काय किंवा धन उजवीकडे आला काय, हिशेब तोच. या मिठाच्या पाण्यात तर दोन्ही तऱ्हेचे आयन, म्हणजे धन आणि ऋण प्रभाराचे कण, एकाच वेळी समोरासमोरून जातात.

भिंगाखाली डायोड, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा. चिन्हातला बाण या चंदेरी पट्ट्याकडे बोट दाखवतो, इलेक्ट्रॉन पट्ट्याच्याच बाजूने आत शिरतात. या गोंधळात प्रभार साठवणारा, धन-ऋण टोकांचा कपॅसिटर उलटा लागून फुटतो, तेही होतं.

समोरच्या मुलीने एलईडी लावला. पेटला नाही. आता पाय बदलतेय. लांब पाय धनाकडे.