आमच्याकडे आहे, तुमच्याकडे गेली

श्रोतेहो, नमस्कार.

12 ऑक्टोबर 2020. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला ठाण्यातल्या आमच्या घरातला पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. मी उठून गॅलरीत गेलो आणि समोरच्या इमारतीकडे पाहिलं. लाईट गेली की आपण सगळे हेच करतो. शेजारच्यांचीही गेलीय एवढं कळलं, की जीव अर्धा भांड्यात पडतो.

तेवढ्यात सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून दादाचा फोन आला.

"काय रे, मुंबईची लाईट गेली म्हणे? ठाण्याचीपण?"

"तुला कसं कळलं?"

"टीव्हीवर दाखवतायत की. आमच्याकडे आहे ना!"

त्या 'आहे ना' मधला आनंद मला स्वच्छ ऐकू आला, आणि तो मी त्याला मनापासून देऊन टाकला. कारण 2005नंतरची काही वर्षं हाच संवाद आमच्यात उलट्या बाजूनं चालायचा. सगळ्या महाराष्ट्रात भारनियमन होतं. खेड्यांत तर निम्मा दिवस अंधारात जायचा. मुंबईतले दिवे मात्र चालू असायचे. तो म्हणायचा, "गेली," आणि मी म्हणायचो, "अरेरे." एवढंच.

तर त्या सोमवारची गोष्ट. करोनाचा काळ होता. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होत्या, म्हणजे रुळांवर अडकली ती मुख्यत्वे रुग्णालयांत आणि तसल्याच कामांवर निघालेली माणसं. मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाईन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर. सोसायटीच्या जनरेटरवर एक लिफ्ट थोडा वेळ चालली, मग डिझेल जपून वापरायचं ठरलं. दुपारी गच्चीवरची टाकी संपली. तेव्हा कळलं, आमच्या नळाला येतं ते पाणी खरं म्हणजे विजेचंच. खालच्या टाकीतून बादल्या भरून आम्ही जिने चढलो. आठव्या मजल्यावर बादली टेकवून बसलो होतो, तेव्हा एक शेजारी म्हणाले, "साहेब, आपण फ्लॅट घेतलाय की किल्ला?" तोपर्यंत मोबाईलची रेंजही गेल्यात जमा होती. टॉवरच्या बॅटऱ्या काही दिवसभर पुरत नाहीत.

आता हे झालं कसं? मुंबईची पुष्कळशी वीज बाहेरून येते, पडघे, कळवा, खारघर अशा उपकेंद्रांमधून, 400 केव्हीच्या वाहिन्यांवरून. त्या दिवशी काही वाहिन्या आधीच बंद होत्या, एक तर दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद ठेवलेली. त्यांचा भार उरलेल्यांवर आला, आणि त्याही एकापाठोपाठ बंद पडल्या. पुढे घातपाताची चर्चा झाली, परदेशी हॅकरांचीही झाली. केंद्राचं म्हणणं पडलं की ही माणसाच्या हातून झालेली चूक. मला त्या वादापेक्षा साधी गोष्ट जास्त बोचते. एवढ्या मोठ्या शहरात वीज यायच्या वाटा मोजक्याच होत्या, आणि त्यांतली एक दुरुस्तीला काढली की बाकीच्यांनी दम टिकवावा, ही आशा होती. तिला सोय म्हणता येणार नाही.

ग्रिड म्हणजे काय, हे मी माझ्या मुलीला दिंडीच्या भाषेत सांगितलं. शंभर टाळकरी आहेत आणि सगळ्यांचा ठेका एक. आपल्याकडे तो ठेका सेकंदाला 50 आवर्तनांचा. चंद्रपूरचं कोळशाचं जनित्र असो की कोयनेचं पाण्याचं, त्याच ठेक्यात फिरायचं. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की ठेका मंदावतो. फारच बिघडला, तर यंत्राला इजा होऊ नये म्हणून संरक्षक यंत्रणा ते जनित्र दिंडीतून बाजूला काढते. मग त्याचं ओझं उरलेल्यांवर. तेही दमतात. सगळी दिंडी बसायला काही सेकंद पुरतात.

अशा वेळी मुंबईनं स्वतःला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून घ्यायचं, ट्रॉम्बे आणि डहाणूची औष्णिक केंद्रं आणि घाटाखालची जलविद्युत केंद्रं यांच्यावर तग धरायचा, अशी व्यवस्था 1981पासून आहे. अभियंते तिला 'आयलंडिंग' म्हणतात. सात बेटांच्या शहरानं संकटात पुन्हा बेट व्हायचं! या युक्तीनं शहराला पूर्वी कित्येकदा वाचवलंही होतं. त्या दिवशी ती चालली नाही. शहराला हवी होती त्या मानानं शहरात तयार होणारी वीज फार थोडी होती.

आणि गेलेली वीज बटण दाबून परत येत नाही. औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाच वीज लागते, पंखे, पंप, कोळसा दळायच्या गिरण्या फिरवायला. म्हणजे हातपंपातून पाणी काढायला आधी त्यात तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तसं. तो तांब्या बहुधा जलविद्युत केंद्राकडे असतो. झडप उघडली, पाणी सोडलं, चाक फिरलं. खोपोलीच्या ज्या पाण्यानं 1915 साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, ते पाणी आजही या कामाचं आहे.

जुलै 2012मध्ये उत्तर भारतात लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी बसली. साठ कोटींहून जास्त लोक त्या भागात राहतात. पाऊस लांबला होता, पंप चालू होते, आणि पश्चिमेकडून उत्तरेला वीज नेणाऱ्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर झेपत नव्हता इतका भार होता. आपला महाराष्ट्र वाचला. पुढे 31 डिसेंबर 2013ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळंही आपल्या जाळ्याला मिळालं. सोलापूरकरांना चादरींचा अभिमान आहे, तो असावाच. पण अख्ख्या देशाचा ठेका एक झाला तो आपल्या गावात, हेही त्यांनी पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

28 एप्रिल 2025ला स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी अंधारले. तिथे विजेचा तुटवडा नव्हताच. उलट जाळ्यातला दाब, म्हणजे व्होल्टेज, हाताबाहेर वाढत गेलं. रस्त्यात लोक बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाले होते. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला किंचित जास्तच आवडतं, ते तुम्ही समजून घ्याल.

मग ऊर्जासुरक्षा म्हणजे नेमकं काय? नवी केंद्रं, होय. जास्त वाटा, होय. 2023मध्ये खारघर-विक्रोळी वाहिनी सुरू झाली, ते बरंच झालं. दुपारचं ऊन संध्याकाळसाठी साठवणं, हेही. घाटघरला 2008पासून स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवतात आणि मागणीच्या वेळी खाली सोडतात, 250 मेगावॉटची ही आपली जुनीच बॅटरी. पण यातलं काहीही केलं तरी कधीतरी कमी पडणारच, आणि तेव्हा कुणाची लाईट आधी घालवायची हे कुणीतरी ठरवणार. खरी सुरक्षा तिथे मोजली जाते, आणि तो हिशेब आपण शहरात बसून फार निवांतपणे केलाय. आमचा बारा तासांचा अंधार देशाची बातमी झाली. शेतीच्या मोटारीची वीज रात्रीच्या पाळीत आली, की दादा हिवाळ्यात रात्री दोनला पाणी द्यायला, दारं धरायला उसात शिरतो, हातात काठी, कारण बिबट्या असतो. त्याची बातमी बिबट्यानं धरल्यावरच होते. शेतीला दिवसा वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना 2017मध्ये आली. तिच्याकडे मी विजेचं धोरण म्हणून कमी आणि दादाची झोप म्हणून जास्त बघतो.

त्या दिवशी मुंबईत दुपारनंतर एकेक भाग उजळत गेला. काही उपनगरांना रात्र झाली, त्यांत आम्हीही. लाईट आली तेव्हा सगळ्या इमारतीतून एकच आरोळी उठली, पोरांनी थाळ्या वाजवल्या. मी उत्साहानं गावी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"आली का तुमची? बरं झालं. ते नाहीत घरात, विहिरीवर गेलेत," त्या म्हणाल्या. "घरातली लाईट आहे, पण मोटारीची आता कुठे येईल. या आठवड्यात आमची रातपाळी आहे ना."