समोर पाला, तरी उपाशी

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, कोआला, म्हणजे निलगिरीच्या झाडांवर राहणारा ऑस्ट्रेलियातला तो केसाळ प्राणी, नशेत नसतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून इकडे भारतात आले की दर वेळी कोणीतरी विचारतंच, काय गं, ते निलगिरीची पानं खाऊन टाइट होऊन पडतात ना दिवसभर? नाही हो. १८-२० तास झोपतो हे खरं, पण तो पिऊन पडलेला नाही, तो पगार कमी म्हणून पंखा बंद करून बसलेला माणूस आहे.

मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. आठवड्यातून दोन दिवस जखमी कोआलांच्या एका केंद्रात पाला तोडायला जाते, फुकट. काम तेच जे आमची आजी शेळ्यांसाठी करायची, लांब काठीला कात्री लावून फांद्या पाडायच्या, गाडीत भरायच्या आणि पाण्याच्या बादलीत उभ्या करून ठेवायच्या म्हणजे पानं मरगळत नाहीत. फरक एवढाच की आजीची शेळी बोर बाभूळ जे दिसेल ते ओरबाडायची आणि इथे मी चार-पाच जातींच्या फांद्या धरून उभी, महाराज एकेक डहाळी नाकाशी ओढून हुंगतायत आणि सोडून देतायत. एक म्हातारी मादी होती, तिने काल ज्या जातीचा पाला मिटक्या मारत खाल्ला त्याच जातीचा आज हुंगून बाजूला केला, का तर मी तो पलीकडच्या झाडावरून आणला होता! मला वाटलं नखरे आहेत. नखरे नव्हते, एकाच जातीच्या दोन शेजारच्या झाडांच्या पानांत विषाचं प्रमाण कमीजास्त असतं आणि तिला ते वासावरून कळत होतं.

विष म्हणजे विषच. निलगिरीचं तेल आपण सर्दीला रुमालावर दोन थेंब टाकतो ना, त्या तेलातलाच सिनिओल नावाचा घटक त्या पानात भरलेला असतो, शिवाय फिनॉलच्या कुळातली आणखी कडक रसायनं, आणि टॅनिन, जे पानातल्या प्रोटीनला असं घट्ट धरून ठेवतं की ते पचवणं मुश्किल. त्यात मुळात प्रोटीनच कमी, चोथाच जास्त. आपल्याकडे सामाजिक वनीकरणात निलगिरी एवढी लावली त्याचं एक कारण हेच होतं, की गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, राखण करावी लागत नाही. आणि गंमत बघा, आपल्याकडे जिला मैसूर गम म्हणतात ती बरीचशी टेरेटिकॉर्निस जातीची, आणि तिकडे क्वीन्सलँडमध्ये कोआलाचं आवडतं जेवण जे फॉरेस्ट रेड गम, ते म्हणजे हेच झाड. तुमच्या बांधावर जे उभं आहे ते कोणाचं तरी पुरणपोळीचं ताट आहे.

मग कोआलाला हे कसं पचतं? पहिलं काम लिव्हर करतं. २०१८ मध्ये कोआलाचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सचा आराखडा, प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की शरीरात आलेलं विष मोडून काढणारी जी सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइमं असतात त्यातल्या एका गटाची तब्बल ३१ जीन्स याच्याकडे आहेत. कडू चव ओळखणारी जीन्सही भरपूर. म्हणजे नाकाने आणि जिभेने आधी गाळायचं आणि तरी जे आत गेलं ते लिव्हरने मोडायचं. याचा त्रास आमच्या डॉक्टरांना होतो. मेलोक्झिकॅम नावाचं दुखण्याचं औषध आहे, गिधाडांसाठी काम करणाऱ्यांना माहीत असेल, गिधाडांना मारक ठरणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या जागी गुरांना जे द्या म्हणतात ते. तेच कोआलाला दिलं तर लिव्हर त्यालाही निलगिरीच समजतं बहुतेक, दीड-दोन तासांत अर्ध्याहून जास्त साफ. पाय मोडलेला प्राणी आणि औषध टिकत नाही, काय करणार!

दुसरं म्हणजे दात. याकडे लोकांचं लक्ष जात नाही पण मला विचाराल तर सगळा संसार दातांवर उभा आहे. कोआलाला लागणारी ताकद बरीचशी पानाच्या पेशीतल्या रसातून येते, चोथ्यातून फार थोडी. रस काढायचा तर पेशी फोडायची, पेशी फोडायची तर पान अगदी बारीक दळायचं. रोज अर्धा ते एक किलो पान. मागच्या दाढांना धारदार कंगोरे असतात, पान कातरतात त्या, पण वर्षानुवर्षं कातरून कातरून जातं गुळगुळीत होतं, टाकी लावायला कोणी येत नाही. मग तो जास्त वेळ चघळायला लागतो, झोप कमी होते, आणि शेवटी पोट भरलेलं असून वाळत जातो. ती म्हातारी मादी अशीच गेली. बादलीत ताजा पाला होता, ती खातही होती.

आता आतड्याकडे येऊ. आपलं अपेंडिक्स ज्या पिशवीला लटकतं ते आंधळं आतडं, सीकम, आपल्यात जेमतेम बोटाएवढं. बारा-तेरा किलोच्या कोआलात ते दोन मीटर लांब असू शकतं. गाय आधी आंबवते, रवंथ करते, मग पचवते, कोआलाचा आंबवणीचा माठ शेवटी आहे. आणि त्यात हुशारी अशी की जाडाभरडा चोथा लवकर बाहेर काढतो, बारीक कण आणि रस मात्र मागे ढकलून कित्येक दिवस मुरवत ठेवतो. तिथे जंतू असतात, त्यातले काही टॅनिनने धरून ठेवलेलं प्रोटीन सोडवतात. अशा एका जंतूचं नावच लोनपिनेला कोआलारम, ब्रिस्बेनच्या लोन पाइन अभयारण्यावरून ठेवलेलं. एवढं करून हातात पडतं ते थोडंच, म्हणून मग अंथरूण पाहून पाय पसरायचे, शरीराची धग मंद, हालचाल कमी, मेंदूही लहान, उन्हाळ्यात गार खोडाला पोट चिकटवून बसायचं. झोपेचं कोडं एवढंच आहे.

पण हे जंतू पिल्लाकडे येतात कुठून? हे ऐकताना कोणी जेवत नाहीये ना? पिल्लू जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं, सहा महिने आईच्या पोटावरच्या पिशवीत दूध पितं. मग पानं सुरू करायच्या आधी आई एरवीच्या कडक लेंड्या सोडून वेगळंच मऊ, पातळ असं काहीतरी टाकते, थेट सीकममधून आलेलं, तिकडे त्याला पॅप म्हणतात, आणि पिल्लू पिशवीतून डोकं काढून ते चाटून खातं. पिशवीचं तोंड खालच्या बाजूला असतं ते बरंच सोयीचं. मी याला विरजण म्हणते. आईकडचं विरजण लागलं की पिल्लाच्या पोटात निलगिरी पचायला लागते, नाहीतर नाही. म्हणूनच क्लॅमिडिया नावाच्या रोगजंतूची लागण झालेल्या कोआलाला अँटिबायोटिक देताना सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, रोग बरा होतो पण विरजण मेलं तर प्राणी पाल्यासमोर बसून उपाशी मरू शकतो.

आणि हे विरजणही घराघरातलं वेगळं. व्हिक्टोरिया राज्यात केप ऑटवे म्हणून जागा आहे, तिथले बहुतेक कोआला मॅना गम या एकाच जातीवर जगायचे. संख्या इतकी वाढली की झाडं बोडकी झाली, २०१३-१४ च्या सुमारास उपासमार एवढी वाढली की जवळजवळ ७०० प्राण्यांना दयामरण द्यावं लागलं. बाजूला मेसमेट नावाची दुसरी निलगिरी हिरवीगार उभी, पण बहुतेकांनी तिला तोंड लावलं नाही. काही थोडे मात्र मेसमेट खाणारे होते. मग संशोधकांनी मेसमेट खाणाऱ्यांच्या लेंड्या गोळा केल्या, त्यातले जंतू ॲसिडमध्ये न विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये भरले आणि मॅना गमवाल्या कोआलांना चारले, २०१९ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्या पोटातले जंतू बदलले त्यांनी मेसमेट जास्त खायला सुरुवात केली. ज्यांचे फारसे बदलले नाहीत ते तसेच बसून राहिले, मॅना गमची वाट बघत.