फोटोत गती दाखवताना: शटर स्पीडचा हिशेब

मित्रहो, फोटोत गती दिसावी म्हणून शटर स्पीड कमी करायचा, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. किती कमी करायचा, ते मात्र अंदाजपंचे ठरतं. तो अंदाज आपण जरा मोजून बघू.

सायकल ताशी १८ किलोमीटरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तुमच्या फ्रेममध्ये आडवे ५ मीटर मावतात आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे. १/५०० सेकंदात सायकल १ सेंटिमीटर सरकते; फोटोत जेमतेम १२ पिक्सेल. ती जागीच थिजल्यासारखी दिसेल. १/३० ला ती सुमारे १७ सेंटिमीटर जाते आणि २०० पिक्सेलचा फराटा उमटतो. त्याच लेन्सनं दुप्पट लांबून टिपली, तर फराटा निम्मा. म्हणून ‘सायकलला इतका, गाडीला इतका’ असे तक्ते पाठ करू नका. अंतर किंवा लेन्स बदलली की ते कुचकामी.

पण सगळंच पुसट झालं तर तो नुसता हललेला फोटो. काहीतरी रेखीव राहायलाच हवं. पॅनिंगमध्ये, म्हणजे सायकलच्या वेगानं कॅमेरा वळवत टिपताना, सायकलस्वार रेखीव राहतो आणि फराटा मागच्या झाडांचा उमटतो. कॅमेऱ्यावर शटर प्रायॉरिटी (शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, बाकी कॅमेरा), १/३०, कंटिन्युअस फोकस (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा). सायकल जिथे तुमच्या बरोबर समोर येणार, त्या दिशेला पाय रोवून उभे राहा. मग कमरेतून वळून ती लांब असतानाच फ्रेममध्ये धरा, तिच्या वेगानं वळत या, समोर आली की बटण हलकेच दाबा आणि शटर मिटल्यावरही वळत राहा. बटण दाबताच हात थबकतो, बहुतेक फोटो तिथेच वाया जातात. मागच्या रेषा नागमोडी आल्या, तर कॅमेरा वर-खाली झाला असं समजा. लेन्सला पॅनिंगचा स्टॅबिलायझेशन (कॅमेऱ्याची थरथर सावरणारा) मोड असेल तर तो लावा. चेहरा स्वच्छ आणि चाकाच्या आऱ्या पुसट, हे मला सर्वांत जिवंत वाटतं.

धबधब्याला कॅमेरा ट्रायपॉडवर हवा. १/४ सेकंदाला पाण्याचे धागे दिसतात; कित्येक सेकंद शटर उघडं ठेवलं की सगळं दुधासारखं एकजीव होतं आणि पाण्याचा जोर हरवतो. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला (हा लेन्सच्या छिद्राचा, अॅपर्चरचा आकडा; आकडा मोठा, छिद्र लहान) साधारण १/२०० मिळतो, धाग्यांसाठी फारच जलद. एफ/२२ केलं तरी दोनच स्टॉप प्रकाश घटतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), वर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे मऊ पडतात. त्यापेक्षा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर चढवायची काळसर काच) लावा: १/२०० चा जवळपास १/३ होतो. फिल्टर दहा स्टॉपचा असेल तर आधी फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर चढवा. त्या काळोखात ऑटोफोकस चाचपडतो. ऑटो आयएसओ बंदच ठेवा. नाहीतर अॅपर्चर प्रायॉरिटीत (छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा) कॅमेरा आयएसओ वाढवून शटर परत जलद करून टाकतो.

अंधारात नाचणाऱ्याला १/८ वर फ्लॅशनं टिपताना रिअर कर्टन सिंक निवडा, म्हणजे फ्लॅश शटर मिटायच्या जरा आधी उडतो. फ्रंट कर्टनवर फ्लॅश सुरुवातीलाच उडतो, पुढच्या हालचालीचा फराटा माणसाच्या पुढे उमटतो आणि तो उलटा चालल्यासारखा दिसतो.