काचपट्टीवरचं शेंडेनक्षत्र

मंडळी, माझी आजी धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायची. कॉमेट म्हणजे धूमकेतूच; पेशीतल्या डीएनएची मोडतोड दाखवणाऱ्या कॉमेट चाचणीची काचपट्टी मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा आजीचाच शब्द आठवला. काळ्याभोर अंधारात एक लखलखीत गोळा, आणि एका बाजूला पसरत गेलेला फिकट शेंडा. गोळा म्हणजे रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीचं केंद्रक. शेंडा म्हणजे त्याच पेशीतला तुटका डीएनए.

डीएनएला इजा झाली आहे का, हे पाहायला ही चाचणी करतात. पण हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. एका पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो आणि तो रोज बिघडतो. किरणोत्सर्ग नको, विष नको. शरीराच्या उबेत नुसत्या पाण्यात असल्यामुळेच प्रत्येक पेशीत दिवसाला सुमारे दहा हजार ठिकाणी त्याची अक्षरं, म्हणजे ज्यांनी त्याचा संदेश लिहिलेला असतो ते छोटे रासायनिक घटक, गळून पडतात. हा अंदाज टोमास लिंडाल यांचा; २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना डीएनए-दुरुस्तीच्या संशोधनासाठी मिळालं. म्हणजे इजा सगळ्यांनाच आहे आणि दुरुस्तीही अखंड चालू आहे. विचारायचं ते असं: इजा कोणत्या प्रकारची, कधीची, आणि कुणाच्या तुलनेत जास्त?

कॉमेट चाचणीची युक्ती साधी आहे. लोकरीचा गुंडा घट्ट असेल तर ओढून फारसं काही निघत नाही. मध्येच धागा कापला गेला असेल तर सुटी टोकं बाहेर येतात. आपण पेशी कोमट, पातळ अ‍ॅगरोजमध्ये, म्हणजे थंड झाल्यावर जेलीसारख्या गोठणाऱ्या पदार्थात, मिसळून काचपट्टीवर थापतो. मग खारट, साबणासारख्या द्रावात ठेवून तिचं आवरण आणि प्रथिनं काढून टाकतो. उरतो तो डीएनएचा गुंडा, जेलमध्ये जागच्या जागी अडकलेला. त्यातून वीस-तीस मिनिटं हलका विद्युतप्रवाह सोडायचा. डीएनएवर ऋणभार असतो, म्हणून सुटे झालेले भाग धन टोकाकडे सरकतात. रंगवून पाहिलं की शेंडा दिसतो.

स्वीडनमध्ये ऑस्टलिंग आणि योहानसन यांनी १९८४ मध्ये ही कल्पना मांडली. १९८८ मध्ये नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र अल्कली, म्हणजे १३ च्या वरचा पीएच, वापरायला सुरुवात केली. अल्कलीत डीएनएचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात, त्यामुळे एकाच धाग्यातली तूटही दिसू लागली. पुढे आणखी एक सुंदर भर पडली. ऑक्सिडेशनने, म्हणजे ऑक्सिजनच्या माऱ्याने, खराब झालेलं अक्षर तुटलेलं नसतं, म्हणून ते दिसत नाही. पण जिवाणूंमधलं दुरुस्तीचं एक विकर (एन्झाइम) त्या पट्टीवर घातलं, तर ते खराब अक्षर शोधून तिथेच धागा कापतं. विकराशिवायची पट्टी आणि विकर घातलेली पट्टी, दोघींच्या शेंड्यांतला फरक म्हणजे लपलेली इजा. पेशीचंच हत्यार पेशीची तक्रार वाचायला वापरायचं, हे मला आजही फार आवडतं.

आता या कामातली सगळ्यात मोठी अडचण. सुरुवातीच्या काळात एकदा माझ्या निरोगी नमुन्यांच्या पट्ट्यांवरही लांबलचक शेंडे आले. दोन दिवस मी रसायनं बदलत बसले. शेवटी लक्षात आलं, की त्या दिवशी पट्ट्या खिडकीजवळच्या टेबलावर उघड्या राहिल्या होत्या. इजा रक्तदात्याच्या शरीरात नव्हती. उजेडाने, म्हणजे माझ्या हातून, झाली होती. तेव्हापासून मंद पिवळा दिवा, बर्फ, आणि पट्टीवर नावाऐवजी सांकेतिक आकडा. मोजणाऱ्याला नमुना कुणाचा ते कळताच कामा नये.

हे फक्त माझ्यापुरतं नव्हतं. ग्वानिन या अक्षराचं ऑक्सिडेशन किती होतं, याचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकेकाळी शेकडो पटींनी वेगळे येत. एस्कॉड नावाच्या युरोपीय गटाने प्रयोगशाळांना सारखेच नमुने वाटून तपासलं, तेव्हा उघड झालं की डीएनए वेगळा काढताना हवेतल्या ऑक्सिजननेच तो पुष्कळसा खराब होत होता.

आणि वेळेचा प्रश्न. एकेरी तुटी बऱ्याचशा तासाभरात सांधल्या जातात, म्हणून कॉमेट चाचणी आत्ताचं चित्र दाखवते. महिन्यापूर्वीचं काय? ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातून सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ भरलेलं यंत्र भंगारात गेलं. निळसर चमकणारी पूड लोकांनी घरोघरी वाटली. चार जण दगावले, २४९ जणांवर दूषण आढळलं. कुणाच्या छातीवर किरणमापक बिल्ला असण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी रक्त हीच नोंदवही. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना राजम्यासारख्या घेवड्याच्या बियांतून काढलेल्या प्रथिनाने विभाजनाला प्रवृत्त करायचं, ४८ तास वाढवायचं, आणि दोन गुणसूत्रबिंदू असलेली, म्हणजे तुटलेली दोन गुणसूत्रं चुकीची सांधली जाऊन झालेली, जोडगुणसूत्रं मोजायची. निरोगी माणसात हजार पेशींमागे असं एखादंच असतं, म्हणून वाढ ओळखता येते आणि त्यावरून किरणांच्या मात्रेचा अंदाज बांधता येतो. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये कोबाल्ट-६० असंच भंगारात आलं आणि एका कामगाराचा जीव गेला.

आपल्याकडे मला सगळ्यात जवळची वाटते ती विडी कामगारांची गोष्ट. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात विडीच्या तंबाखूवर काम करणाऱ्यांचं रक्त तपासलं. त्यांच्या गुणसूत्रांत मोडतोड जास्त दिसली. आज अशा पाहणीसाठी सुईसुद्धा लागत नाही. लाकडी पट्टीने गालाच्या आतून पेशी खरवडायच्या आणि मूळ केंद्रकाशेजारी चिमुकलं, बिंदूसारखं केंद्रक दिसतं का ते शोधायचं. विभाजनात मागे पडलेला गुणसूत्राचा तुकडा तो. या पेशी आतल्या थरात जन्मून एक ते तीन आठवड्यांनी वर येतात, म्हणून तो बिंदू काही आठवड्यांपूर्वीची हकीगत सांगतो.

एका विडी वळणाऱ्या बाईंनी नमुना दिल्यावर मला विचारलं, "ताई, मला कॅन्सर होणार का, ते यात कळेल का?" मी त्यांना खरं ते सांगितलं, की नाही. या चाचणीने विडी वळणाऱ्या शंभर बायका आणि न वळणाऱ्या शंभर बायका यांच्यातला फरक कळतो. एका बाईचं भविष्य कळत नाही. मग त्यांना विचारलं, की तोंडात पांढरा चट्टा आहे का, घास गिळताना झोंबतं का. त्यांनी मान हलवली आणि गालाची डावी बाजू बोटाने दाखवली. नमुन्याचा डबा तसाच ठेवला आणि मी त्यांना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेले.