निप्पूर: एनलिलचं गाव

दक्षिण इराक. बगदादपासून आग्नेयेला सुमारे 150 किलोमीटर. आफक गावाजवळच्या या उजाड टेकड्यांना इथले लोक नुफ्फर म्हणतात. नुसत्या मातीच्या टेकड्या नाहीत या. घरं पडली, त्यांच्यावर नवी घरं उभी राहिली, तीही पडली, आणि असं करत पाच हजारांहून अधिक वर्षांत ही उंची चढत गेली. अक्कादी भाषेत या शहराचं नाव निप्पूर. त्याआधी, सुमेरी भाषेत, निब्रू.

हे नाव मातीच्या पाटीवर कसं लिहीत, ते बघा. एनलिल या देवाच्या नावाची जी चिन्हं, तीच चिन्हं या शहराचीही. देवाचं नाव असेल तर आधी एक चांदणी काढायची, ती देवत्वाची खूण. शहराचं असेल तर शेवटी 'की' हे चिन्ह जोडायचं. की म्हणजे भूमी, ठिकाण. लिहिलेलं असायचं 'एनलिलचं ठिकाण', आणि वाचणारा वाचायचा 'निब्रू'.

एनलिल हा सुमेरी लोकांचा सर्वांत सामर्थ्यवान देव. राजपद देणारा तोच आणि काढून घेणाराही तोच. त्याच्या मंदिराचं नाव एकूर, म्हणजे पर्वतगृह. मंदिराच्या परिसराला दुर-अन्-की म्हणत: आकाश आणि पृथ्वी यांना बांधून ठेवणारी गाठ.

सुमेरी राजांची जी प्राचीन यादी सापडली आहे, तिच्यात किश आहे, उरुक आहे, ऊर आहे. निप्पूर नाही. या शहराने कधी साम्राज्य उभारलं नाही, स्वतःचा राजवंशही चालवला नाही. पण तलवारीने जिंकणाऱ्या प्रत्येकाला शेवटी इथेच यावं लागे. उरुकचा राजा लुगालझागेसी याने एकूरला दगडी पात्रं अर्पण केली आणि त्यांच्यावर कोरलं, की देशाचं राजपद मला एनलिलने दिलं. पुढे अक्काद शहराचा राजा सारगोन याने त्याला हरवलं आणि मानेला खोडा अडकवून आणलं, तेही एनलिलच्याच दारात. सारगोनच्या या विजयाची हकीकत आपल्याला कळते कशी? एकूरमध्ये ठेवलेल्या पुतळ्यांवरचे लेख पुढच्या काळातल्या लेखनिकांनी पाट्यांवर उतरवून घेतले म्हणून. पुतळे गेले, नकला उरल्या.

सारगोनचा नातू नराम-सिन. अक्काद का बुडालं, याचं उत्तर देणारं एक सुमेरी काव्य आहे. त्यात नराम-सिन कुऱ्हाडी आणि कुदळी घेऊन एकूरवर तुटून पडतो, मंदिराची संपत्ती जहाजांत भरून नेतो, आणि देव अक्कादला शाप देतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण निप्पूरच्या उत्खननात नराम-सिनच्या ठशाच्या विटा निघाल्या आहेत, आणि त्यांच्यावर तो स्वतःला एनलिलच्या मंदिराचा बांधणारा म्हणवतो. मंदिर त्याने नव्याने उभारायला घेतलं होतं. मला वाटतं, एवढं मोठं साम्राज्य कोसळलं, तर एनलिलविरुद्धच काही अपराध झाला असणार, अशी त्या लोकांची पक्की समजूत होती. एकूरची पत किती होती, हे या काव्याइतकं दुसरं काहीच सांगत नाही.

राजांइतकंच महत्त्व इथल्या शाळांचं. 1951-52 मध्ये उत्खनकांना निप्पूरमध्ये शाळा भरत असलेलं एक लहानसं घर सापडलं. इसवी सन पूर्व अठराव्या शतकातलं. आत पाट्यांचे सुमारे 1400 तुकडे, आणि जुन्या पाट्या भिजवून पुन्हा माती करण्यासाठी डांबर लावलेली कुंडी. त्या काळच्या निप्पूरमधली सरावाची पाटी हातात घेतली, तर उजवी बाजू पातळ लागते. डावीकडे गुरुजींनी कित्ता घालून दिलेला असायचा. उजवीकडे मुलगा गिरवायचा, पुसायचा, पुन्हा गिरवायचा. प्रत्येक पुसण्याबरोबर थोडी माती निघून जायची. राजा गिलगामेशच्या सुमेरी कथा, देवांची स्तोत्रं, म्हणी, असं बरंचसं सुमेरी साहित्य आज आपल्याकडे आहे, ते मुख्यतः निप्पूरच्या या विद्यार्थ्यांनी गिरवलं म्हणून.

1899 साली इथे एक नकाशा सापडला. मातीच्याच पाटीवरचा, साधारण इसवी सन पूर्व 1300च्या सुमाराचा. साधारण वीतभर लांबी-रुंदीचा. एका कडेला युफ्रेटिस, मधून जाणारा कालवा, तट, वेशी आणि त्यांची नावं. एका वेशीचं तोंड ऊरच्या दिशेला. एकूर आहे, शहराच्या आतली बाग आहे, मोजमापंही आहेत. आणि मध्यभागी शहराचं नाव: तीच एनलिलची चिन्हं, शेवटी 'की'.

तोवर बॅबिलोन वर आलं होतं आणि एनलिलचा मान हळूहळू तिथल्या मर्दुक या देवाकडे जात होता. निप्पूर मात्र नांदत राहिलं. इसवी सनाच्या आठव्या शतकानंतर ते ओस पडलं.

पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या लोकांनी 1889 मध्ये इथे पहिली कुदळ मारली. त्या उत्खननातल्या हजारो पाट्या फिलाडेल्फिया, इस्तंबूल आणि जर्मनीतलं येना अशा तीन शहरांत विभागल्या गेल्या. कित्येकदा एकाच पाटीचे तुकडे दोन खंडांत गेले. फिलाडेल्फियात ओळ अर्ध्यावर तुटते आणि तिचा पुढचा भाग इस्तंबूलच्या कपाटात मिळतो. सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी अशा जोड्या लावण्यात आयुष्य घातलं. आज अभ्यासक संगणकावर दोन्हीकडची छायाचित्रं शेजारी ठेवून तेच काम करताहेत, आणि अजून नव्या ओळी हाती लागताहेत.