खरखर

नमस्कार श्रोतेहो. मला बारा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'माझं संशोधन'. आता ३८ वर्षांचं काम बारा मिनिटांत बसवायचं म्हणजे अवघडच, त्यात मी पेठेतली, मागचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगायची सवय नाही, त्यामुळे आधी आमच्या वाड्यातल्या रेडिओपासून सुरू करते.

आमच्याकडे व्हॉल्व्हचा जुना सेट होता, लावला की मिनिटभर नुसता तापायचा, मग हळूच आवाज फुटायचा. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलेली, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल चुकून पडला की बाबा ओरडायचे. दिवसा मीडियम वेव्हवर पुणं लागायचं, मुंबई लागायची, बस. पण दिवेलागणीनंतर काटा फिरवला की कुठकुठली स्टेशनं यायची, हिंदी, तेलुगू, गुजराती, एकात एक मिसळून, आणि मधे ती खरखर, जवळ येणारी लांब जाणारी. मी तिसरी-चौथीत असेन, बाबांना विचारलं की ही दिवसा का नाही लागत? बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, रात्री रहदारी कमी असते."

मला ते तेव्हा पटलं होतं. पुढे फिजिक्स शिकल्यावर हसू यायला लागलं.

तर खरं कारण काय. आपल्या डोक्यावर साधारण ६० किलोमीटरच्या वर उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स किरणांनी हवेचे कण फुटतात, त्यातून इलेक्ट्रॉन सुटे होतात, या थराला म्हणायचं आयनोस्फिअर. मार्कोनीनं १९०१ साली अटलांटिकपार सिग्नल पोचवला तेव्हा लोक बुचकळ्यात पडले की पृथ्वी गोल असताना तो वळला कसा, पुढे १९२४ मध्ये इंग्लंडात ॲपलटननं दाखवून दिलं की वर खरंच रेडिओच्या लाटा परतवणारा एक आरसा आहे. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रांनी लगेच पुढच्या दशकात हे काम उभं केलं. बाकीचा इतिहास सोडते, नाहीतर बारा मिनिटं त्यातच जातील.

माझं काम या आरशाचं. आणि पुण्यात हे सांगणं म्हणजे शिक्षा होती हो. 'स्पेस वेदर', म्हणजे अवकाशातलं हवामान, म्हटलं की लोकांना फक्त वेदर ऐकू येतं, रिक्षावाला थेट हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या चौकात नेऊन सोडणार आणि शेजारच्या काकू गॅलरीतून विचारणार, "मग उद्या छत्री घेऊ का?" काकू, माझ्या हवामानात पाऊसच नाही, तिथे ढगसुद्धा पोचत नाहीत, असं सांगितलं की त्या म्हणायच्या, "मग सरकार पगार कशाचा देतं?"

नोकरीला लागले तेव्हा पहिलं काम मिळालं आयनोसोंडच्या फिल्म वाचायचं. आयनोसोंड म्हणजे वर रेडिओचे पल्स सोडायचे, फ्रीक्वेन्सी वाढवत न्यायची आणि परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, त्यावरून थर किती उंचीवर आहे ते कळतं. दर पंधरा मिनिटांनी एक चित्र, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. ती फिल्म काचेवर ठेवून, खालून दिवा लावून, आम्ही दोघी-तिघी भिंगातून आकडे वाचून तक्त्यात भरायचो, दिवसाला ९६ चित्रं, संध्याकाळी घरी गेलं की भिंतीवरसुद्धा रेघा दिसायच्या. नियम असा होता की चित्रातली रेघ नीट असेल तर आकडा लिहायचा, आणि रेघ फिसकटलेली असेल, म्हणजे ओल्या कागदावर शाई पसरावी तशी, तर आकड्याच्या जागी नुसतं एफ अक्षर लिहून पुढे जायचं. याला स्प्रेड एफ म्हणतात, पेरू देशात हुआनकायोला १९३८ साली पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. आईनं एकदा तो तक्ता बघितला, म्हणाली एवढे नापास?

पण माझं लक्ष त्या एफकडेच जायला लागलं. सकाळी एकही नाही, दुपारी एकही नाही, आणि सूर्य मावळला की तास-दीड तासात नुसते एफ एफ एफ. म्हणजे बाकीचे जे टाकून देत होते ते माझं पुढचं आयुष्य होऊन बसलं.

होतं काय, ते मिसळीवरून सांगते. मिसळीत तर्री वर येते कारण तेल हलकं, रस्सा जड. आता समजा कुणी जादूनं रस्सा वर आणि तर्री खाली ठेवली, तर ती तशी राहील का? खालून तेलाचे बुडबुडे वर घुसणारच. सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरचा खालचा भाग भराभर विरतो, वरचा दाट भाग मात्र टिकतो, वर उचलला पण जातो, म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाटी वर आणि विरळ भाग खाली. मग विरळ भागाचे बुडबुडे वर घुसतात, पृथ्वीच्या चुंबकीय रेषांबरोबर उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर लांबतात आणि रात्रभर पूर्वेकडे सरकत राहतात. उपग्रहाचा सिग्नल त्यातून आला की थरथरतो, जीपीएस गडबडतं. हे सगळं आपल्याकडेच जास्त, कारण चुंबकीय विषुववृत्त केरळ-तामिळनाडूवरून जातं, केरळात थुंब्याला १९६३ साली पहिलं रॉकेट सोडलं ते याच कारणानं.

हे बुडबुडे मी पहिल्यांदा 'बघितले' ते पन्हाळ्यावर. रात्री २५० किलोमीटरवर ऑक्सिजन अगदी मंद लाल उजेड देतो, ६३० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यासाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री लागतात, डिसेंबर ते एप्रिल, ढग नकोत. वरती गोल लेन्स, खाली फिल्टर, मिनिट-दोन मिनिटांचं एक एक एक्स्पोजर, आणि आम्ही स्वेटर-कानटोपी घालून दर तासाला वर जाऊन लेन्सच्या घुमटावरचं दव मऊ फडक्यानं पुसायचो. पहिल्या रात्री दोन तास चित्रं काळीकुट्ट, आम्ही म्हटलं आज आकाशात काही नाहीच, मग लक्षात आलं की झाकण काढलेलं नाही, ते मीच काढायचं होतं. नंतर साडेनऊच्या सुमारास स्क्रीनवर फिकट उजेडात बोटासारखी एक काळी रेघ आली, मग दुसरी, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना, सेकंदाला शंभरेक मीटर. चहा तसाच गार झाला. पंधरा वर्षं फिल्मवर जिथे एफ लिहून पुढे गेले होते ती गोष्ट डोक्यावरून चालली होती.

आणखी एक फजिती सांगते, कारण यशाच्या गोष्टी सगळेच सांगतात. २००० च्या आसपास सूर्यावरची उलथापालथ जोरात होती, आम्ही उपग्रहाचे सिग्नल पकडणारा नवीन रिसीव्हर लावला आणि मला दिसलं की सिग्नलची थरथर दुपारी अडीचला सुरू होतेय. दुपारी! जगात कुणी बघितलं नव्हतं. मी आठ दिवस जेवताना पण तेच, पेपर अर्धा लिहून झाला, आमच्या सरांना दाखवला, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "घड्याळ कुठलं?" रिसीव्हरचं घड्याळ ग्रिनिचचं होतं. तिथले अडीच म्हणजे आपले रात्रीचे आठ. तो अर्धा पेपर अजून फाईलमध्ये आहे, विद्यार्थ्यांना दाखवायला बरा पडतो.

पुण्यात आमचे खगोलवाले मित्र बरेच. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० थाळ्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटरची, त्यांना लांबच्या गॅलेक्सी बघायच्या असतात आणि मधे आमचे बुडबुडे येऊन त्यांचं चित्र हलवतात. एकदा एक मित्र वैतागून म्हणाला, "तुमचं ते आयनोस्फिअर जरा रात्रीपुरतं बंद ठेवता येईल का?" मी म्हटलं, तुझा खराब झालेला डेटा मला देतोस का? तो खरंच आणून दिला त्यानं.

आता वादळांबद्दल, म्हणजे सूर्यावर उद्रेक होतो आणि त्याच्या धक्क्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं ती. मोठं सौर वादळ आपल्या मुंबईनं मोजलंय हे फार लोकांना माहीत नसतं, २ सप्टेंबर १८५९ ला कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळल्याची नोंद आहे, तीही माणसांनी डोळ्यांनी वाचून घेतलेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक मूस साहेबांनी तिथलं चुंबकाचं काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. तिथे मोजमापाच्या खोलीत लोखंड चालत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा किल्ल्या, घड्याळ काढलं, आत पाऊल टाकणार तेवढ्यात तिथले अण्णा म्हणाले, "ताई, सेफ्टीपिना." साडीच्या तीन होत्या. पदर हातात धरून मी पृथ्वीचं चुंबकत्व मोजलंय.

आणि योगायोग बघा, पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोल संस्थेचा 'सूट' नावाचा टेलिस्कोप घेऊन आदित्य एल-१ हे यान उडालं ते पण २ सप्टेंबरलाच, २०२३ ला. आता सूर्यावर नजर ठेवायला आपलं यान १५ लाख किलोमीटरवर आहे. याची गरज आहे हो, १९८९ मध्ये अशाच वादळात कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली होती, आणि २०२२ मध्ये एका मध्यम वादळानं वरची हवा फुगली तर नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी ३८ उपग्रहांची वाट लागली.

१० मे २०२४. अक्षय्य तृतीया होती, दुपारचा आमरस अजून अंगात, खाली निवडणुकीचे भोंगे नुकतेच थांबलेले. रात्री साडेदहाच्या सुमारास पृथ्वीवर वादळ धडकलं, वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं. सोसायटीतली पोरं गच्चीवर गेली अरोरा, म्हणजे अशा वादळात आकाशात दिसणारा रंगीत उजेड, बघायला, आमच्या गच्चीवरून काय दिसणार, हडपसरकडचा उजेड. पण सकाळी मोबाईलवर लडाखमधल्या हानलेचे फोटो आले, आकाशाच्या कडेला तांबूस झळाळी. ती लाली ऑक्सिजनचीच, ६३० ची, आमचीच. मी रिटायर झालेली बाई, फोटो मोठा करून करून बघत बसले, दूध उतू गेलं.

बाबांचं राहिलं. ते गेले त्याच्या वर्षभर आधी मी त्यांना एकदा बसवून सगळं नीट समजावलं. म्हटलं बाबा, दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर असतो, तिथे हवा दाट असते, रेडिओची लाट आली की इलेक्ट्रॉन हलायला लागतात आणि हवेच्या कणांना सारखे धडकतात, त्या धक्काबुक्कीत लाटेची शक्ती संपते, वर पोचतच नाही. रात्री ऊन नाही, त्या थरातले इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीसे होतात, लाट सरळ वर जाते, परतून इंदूरची पुण्यात येते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे रहदारीच की."