विशाळगडाचं कंदीलपुष्प

नमस्कार मंडळी, कसं काय, बरं हाय न्हवं? आज विशाळगडावर जाऊया, पण बुरूज बघायला नाही, गवतातलं एक फूल बघायला.

2023 मध्ये बातमी आली होती बघा, गडावर कंदीलपुष्पाची नवीन जात सापडली आणि तिला थेट महाराजांचं नाव दिलं, सेरोपेजिया शिवरायीना. शोधणारे बरेचसे आपले कोल्हापूरचेच, न्यू कॉलेजचे संशोधक आणि त्यांच्याबरोबर डॉ. श्रीरंग यादव सर, शिवाजी विद्यापीठातले, सह्याद्रीतल्या असल्या वनस्पतींमागं उभी हयात घातलेला माणूस.

आता हे फूल कसलं वस्ताद असतंय ते ऐका. बोटभर लांब नळी, वर पाकळ्या टोकाला जुळलेल्या, म्हणून कंदील. बारीक माशी वासानं आत शिरते आणि अडकते, कारण नळीतल्या केसांची टोकं खाली वळलेली, आत जायला वाट, बाहेर यायला नाही. मग ती आत धडपडते, परागांची पुडकी तिला चिकटतात, आणि एखाद-दोन दिवसांनी केस सुकले की बाईसाहेब मोकळ्या, निघाल्या पुढच्या फुलात अडकायला! अक्कल म्हणून नाहीच.

पण ह्या वेलींचं अवघड झालंय. पावसात गुरं शेंडे खातात, कंद माणसंही खातात आणि साळिंदरंही, त्यामुळं बऱ्याच जाती आता कड्याच्या तिरक्या उतारावर तेवढ्या उरल्यात, जिथं गाय पोचत नाही. विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये यादव सर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुर्मिळ जाती आणून वाढवल्या, रोपं केली, काही परत डोंगरात लावली. हे काम मोठंच आहे, वादच नाही.

मला मात्र एक वाटतं, कुंडीतलं रोप जगवणं त्यामानानं सोपं, डोंगरात लावलेलं जगवणार कोण? तिथं रोज प्रोफेसर जात नाहीत, गुराखी जातो. उन्हाळ्याच्या तोंडाला गवत पेटवायचं का नाही हे गाव ठरवतं, आणि ह्यांचं रेशमासारखं शेपूट असलेलं बी वाऱ्यावर उडून त्याच गवतात पडलेलं असतं. म्हणून फूल गावाला माहीत पाहिजे, पेपरात छापून येऊन काय उपयोग, आणि त्यासाठी बॉटनी डिपार्टमेंटच्या लोकांनी चावडीवर बसून चहा घ्यावा लागतोय, तिथं पीपीटी चालत नाही. कंद कुठं सापडतो, कुठल्या महिन्यात वेल वर येते, हे म्हाताऱ्या माणसांना आधीपासनं ठाऊक असतं की, विचारतंय कोण?

आणि ट्रेकर दोस्तांनो, गणपतीच्या आसपास गडावर गेलात तर गवतात बघून पाय टाका, दिसलं फूल तर फोटो काढा, तोडू नका, आणि रील टाकताना लोकेशन तेवढं टाकू नका, लगेच गर्दी होते. सांगायचंच असेल तर विद्यापीठाच्या बॉटनीवाल्यांना सांगा, त्यांना खरंच पाहिजे असतं.